शेवट पटला

"वाचणारी म्हणून एकदा नाव पडलं ना, की कशी आहेस असं कुणी विचारत नाही. काय वाचतेस, एवढंच विचारतात. अजून वेळ आहे, फिर माघारी." वाचनमंडळाच्या माझ्या पहिल्याच शनिवारी, वाचनालयाच्या जिन्यात, माझ्या थोरल्या जाऊबाई मला म्हणाल्या होत्या. मी हसले. जाऊबाईंच्या बोलण्यावर हसायचं हे आमच्या घरात ठरूनच गेलं होतं. त्या पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसत. कुणाचा नळ कोरडा, कुणाच्या नळाला गढूळ, कुणाचं बिल दुप्पट, हे दिवसभर ऐकून घरी आल्या की म्हणायच्या, "आता माझी तक्रार कुठल्या खिडकीवर नोंदवू तेवढं सांगा," आणि आम्ही सगळे हसायचो. सगळ्यात मोठ्यांदा भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर. तेव्हा जिन्यात फिनेलचा वास होता, कठडा हाताला चिकट लागत होता आणि माझं अर्धं लक्ष घरी होतं. पिल्लूला पहिल्यांदाच त्याच्या बाबाच्या हवाली करून मी बाहेर पडले होते. बाबाला डुलकी लागली आणि पिल्लू पालथं होऊन त्याचं नाक उशीत रुतलं तर, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मला असंच दिसतं. चमचा दिसला की तो घशात दिसतो, खिडकी दिसली की तिच्याखालची फरशी दिसते. झोपलेल्या पिल्लूच्या नाकाखाली मी बोट धरते आणि श्वास लागला तरी तो मागच्याच श्वासाचा उरलेला असेल अशी शंका घेऊन पुन्हा धरते. नवरा म्हणतो, तुला चहाच्या कपातसुद्धा विहीर दिसते. हे खरं आहे. म्हणूनच पुढे माझं कुणी ऐकलं नाही, आणि त्यांना तरी मी काय बोल लावू.

मंडळ म्हणजे वाचनालयाच्या माडीवरची एक लांबट खोली. तिथे मोडीत काढलेल्या खुर्च्या, कधीच न उघडणारी एक खिडकी, आणि भिंतीला टेकून जुन्या मासिकांचे गठ्ठे. प्रमुख म्हणजे सर, शाळेत उभी हयात इतिहास शिकवलेले. एक पुस्तक ठरवायचं, सगळ्यांनी वाचायचं, शनिवारी दुपारी आळीपाळीने मत द्यायचं. आणि एक नियम. घरचं बोलायचं नाही. फार पूर्वी म्हणे या मंडळात पुस्तकं बाजूला राहून सासवा, सुना, गुडघे आणि शेअरबाजार यांवरच बोलणं व्हायचं. दोन बायकांचं तर हातघाईवर आलं. तेव्हापासून ज्याच्या तोंडून 'आमच्याकडे' हा शब्द निघेल त्याला दंड. दंड म्हणजे वीट. वीट हे मंडळाने ठेवलेलं नाव. खरं ते एका जुन्या वेढ्याचा इतिहास सांगणारं सातशे पानांचं पुस्तक होतं, बारीक टाइपातलं, तळटिपांनी खालून पोखरलेलं. ज्याला दंड होई त्याने ते घरी न्यायचं, निदान एक प्रकरण वाचायचं आणि पुढच्या वेळी त्यावर मत द्यायचं. मंडळात एक दंतवैद्य आहेत, गोल चेहऱ्याचे, सगळ्या कादंबऱ्यांचा शेवट आधी वाचणारे. ते म्हणायचे, "वीट घरी नेली की तिसऱ्या पानावर वीट येतो, म्हणून नाव बरोबर आहे." नियम सगळ्यांना आवडायचा. मला तर फारच. घरी मी आई होते, सून होते, दूध नासलं का हे वासावरून सांगणारी होते. इथे मी फक्त मत होते. नियमामुळे एक सवय मात्र लागली. पोटातलं काही बाहेर काढायचं असलं की ते कादंबरीतल्या माणसाच्या नावावर काढायचं. बँकेतली एक बाई महिनाभर एका नायकाच्या दारूबद्दल इतकं पोटतिडकीने बोलली की सर म्हणाले, एवढी दारू तर पुस्तकात नाही. सगळे हसले, तीही हसली. पुढे कोणी काही विचारलं नाही. नियमच होता.

त्या शनिवारची कादंबरी पातळशी होती, निळ्या पुठ्ठ्याची. एक टंकलेखिका, एकटीच, कुणावर रुसलेली नाही, कुणाशी भांडलेली नाही. शेवटच्या प्रकरणात ती दिवसभर घर आवरते. डबे घासते, पडदे धुते, कुंड्या शेजारणीकडे नेऊन ठेवते. नंतरच्या पानावर ती घरात नसते, कुठेच नसते. लेखक एवढंच सांगतो आणि थांबतो. दंतवैद्यांनी सुरुवात केली. "मी सवयीप्रमाणे शेवट आधी वाचला आणि मग सुरुवात वाचून लेखकाचा राग आला. अहो, जिला जायचंच आहे ती बाई डबे कशाला घासत बसेल?" सर म्हणाले, "म्हणजे शेवट पटला नाही, असं मत नोंदवू?" "दुखत नसलेली दाढ उपटल्यासारखा आहे, असं नोंदवा." माझी पाळी आली. मी म्हणाले, मलाही शेवट ओढूनताणून आणल्यासारखा वाटला. खरं म्हणजे ते शेवटचं पान मी पिल्लूला पाजताना वाचलं होतं आणि लगेच पुस्तक पालथं घालून वर उशी ठेवली होती. पण इथे उशी कुठे सांगणार. मग जाऊबाई बोलल्या. मांडीवर पुस्तक, त्यावर दोन्ही हात, खिडकीवर बसायच्या तशाच ताठ. "मला शेवट पटला," त्या म्हणाल्या. "फक्त एका ठिकाणी लेखक चुकलाय. आदल्या दिवशी त्याने तिला फार रडवलंय. तसं नसतं. रडू येतंय तोवर माणसाला काहीतरी हवं असतं. रडणं संपलं की हात मोकळे होतात. मग डबे घासता येतात. बरं वाटतं तेव्हा. खूप दिवसांनी भूकसुद्धा लागत असेल तिला." मासिकांच्या गठ्ठ्यावरून एक पाल भिंतीवर गेली. मग सर म्हणाले, "वा. हे निरीक्षण लेखकालासुद्धा सुचलं नाही." दंतवैद्य म्हणाले, "बाई, तुम्हीच का लिहीत नाही?" "अक्षर वाईट आहे," जाऊबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले, मीसुद्धा हसले, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की माझे दात एकमेकांवर वाजतायत.

खाली पुस्तकं बदलायला आम्ही रांगेत उभ्या राहिलो. जाऊबाईंनी पिशवीतून निळी कादंबरी काढली, दुसरं एक प्रवासवर्णन काढलं, आणि मग वीट काढली. दंड कधीच फिटला होता, तरी वीट कितीतरी महिने त्यांच्याकडेच होती. दर शनिवारी पिशवीतून यायची आणि पिशवीतून जायची. काउंटरपलीकडची बाई म्हणाली, "आज काय देऊ?" "आज नको." "एकही नको?" "नको. घरी आहे एक." आणि त्यांनी रिकामी कापडी पिशवी काउंटरवर पसरली, हाताने सुरकुत्या काढल्या, चौपदरी घडी केली आणि पर्समध्ये टाकली. बस, एवढंच. त्यांचं बिऱ्हाड आता वेगळं होतं; बाहेर येऊन त्या डावीकडे बसथांब्याकडे गेल्या, मी उजवीकडे. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी त्यांना वाचनालयातून मोकळ्या हाताने निघताना पाहिलं नव्हतं. आजारी असताना त्या मला सांगून मागवायच्या. आणि घरी एकही नव्हतं. त्यांच्या कार्डावर दोनच मिळतात आणि तिसरी वीट; तिन्ही मी आत्ता काउंटरवर बघितली होती. रस्त्यावर ऊन होतं, एक माणूस शटर वर ढकलत होता आणि त्या पत्र्याचा आवाज माझ्या मानेच्या मणक्यातून गेला. मी वळून बघितलं. त्या थांब्यावर उभ्या होत्या. हलक्या दिसत होत्या. पिशवीचं वजन नसल्यामुळे खांदे सरळ झाले होते, बस्स, असं मी स्वतःला सांगितलं. घरी आल्यावर पिल्लूच्या नाकाखाली बोट धरलं.

"अगं, पुस्तकावर मत दिलं त्यांनी," नवरा म्हणाला. तो पिल्लूच्या पायात मोजे घालत होता, उलटे. "मंडळ कशासाठी असतं मग?" मी म्हणाले, पुस्तक नाही घेतलं त्यांनी. "कंटाळा आला असेल. मला शाळेतच आला होता." मी म्हणाले, तू तुझ्या वहिनीला ओळखत नाहीस. तो म्हणाला, "मी तिला तुझ्याआधी चौदा वर्षं ओळखतो. मी दहावीला असताना तिने माझे निबंध लिहून दिलेत. वहिनी आहे ती, कादंबरी नाही." पण त्याच्या या बोलण्याने मला वीट आठवली. वीट म्हणजे त्या पुस्तकावर जाऊबाईंनी दिलेलं मत. कधीतरी हिवाळ्यात. त्यांना दंड झाला होता, कारण कुठल्याशा कादंबरीतल्या अंगाईबद्दल बोलताना त्या "आमच्याकडे" म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. दंतवैद्यांनी टाळी वाजवली आणि वीट त्यांच्या मांडीवर ठेवली. पुढच्या खेपेला सगळे एक प्रकरण वाचून येतात तिथे या सातशे पानं वाचून आल्या. म्हणाल्या, "लेखक फार प्रामाणिक आहे. वेढ्यात किती सैनिक मेले, किती नागरिक, किती घोडे, खेचरंसुद्धा मोजलीत. कुठल्या दिवशी तटावरची कुत्री संपली तेही आहे. पण त्या हिवाळ्यात शहरात कितीतरी बायका पोटुशा असतील ना. त्यांच्या पोटातल्यांचं काय झालं, ते कुठेच नाही. मी तळटिपाही बघितल्या." सर म्हणाले, "ही साधनांची मर्यादा आहे. जे जन्मले नाहीत त्यांची नोंद कोण ठेवणार? इतिहास कागदावर उभा असतो." जाऊबाई म्हणाल्या, "हो, ते बरोबर आहे. मी फक्त शोधत होते." सरांनी या मुद्द्याचं फार कौतुक केलं. पुढे त्यांनी कुठल्याशा व्याख्यानात तो मांडलाही.

आणि मी तिथे बसले होते. सगळ्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं. आम्हा दोघींना एकाच वर्षी दिवस राहिले होते. मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, त्यांना सोळाव्या. चाळिशी जवळ आलेली. घरात दोन पोटं बघून सगळे थट्टा करायचे. भाऊजी म्हणायचे, पाळणा एकच आणा, पाळीपाळीने वापरा. त्यांचं सातव्या महिन्यात गेलं. मुलगी होती. इस्पितळातून त्या चालत गाडीपर्यंत आल्या आणि मला दारात बघून पहिलं काय बोलल्या तर, "उभी नको राहूस, पाय सुजतील." नंतर घरात त्याला 'ते' म्हणायला लागले. 'ते' झालं तेव्हा, 'ते' व्हायच्या आधी. नंतर तेही म्हणेनासे झाले. माझं पिल्लू त्यानंतर चार महिन्यांनी झालं, पूर्ण दिवसांचं, गुबगुबीत, आणि बारशाला पांढरा लोकरीचा झबला जाऊबाईंनीच विणून आणला. इतका लहान झबला की तो पिल्लूला झालाच नाही. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या मापाचा होता. मी तो घडी करून ठेवला आणि मापाबद्दल कुणाला बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. अशा कितीतरी गोष्टी मी बघून ठेवल्या आहेत. बघायला मी तरबेज आहे. पिल्लूला त्या कधी कडेवर घ्यायच्या नाहीत, पण तो रांगत गेला की त्याच्या मागे मागे जमिनीवर हात टेकवत नजर जायची त्यांची. त्याच्या नाकाखाली बोट धरून बसणारी मी, मला वाटायचं मरण पाळण्यातच येतं, खिडकीतून, चमच्यातून, लहानांसाठीच येतं. ते बसथांब्यावर सरळ खांद्यांनी उभं असेल हे मला कुठून दिसणार.

माझ्या कटकटीला कंटाळून रविवारी नवरा वहिनीकडे जाऊन आला. आला तो शीळ घालत. "एकदम मजेत आहे. दोन कप चहा पाजला. जुन्या निबंधांवरून इतके हसलो आम्ही. आणि घर काय चकाचक ठेवलंय, तू बघच. स्वयंपाकघरातले सगळे डबे ओळीने, काचेसारखे. नाहीतर आपलं." मी तव्यावरून हात काढायला विसरले. भाजल्याची खूण अजून आहे. तो म्हणाला, "आता काय झालं?" मी म्हणाले, डबे. "डब्यांचं काय?" त्याने ती कादंबरी वाचली नव्हती. मी त्याला सांगू लागले, टंकलेखिका, पडदे, कुंड्या. आणि सांगता सांगता मला माझाच आवाज ऐकू आला, उंच, पातळ, ज्या आवाजात मी डॉक्टरांना सांगते की पिल्लू आज नेहमीपेक्षा जास्त वेळ झोपलाय. नवऱ्याचा चेहरा डॉक्टरांच्या चेहऱ्यासारखा होत गेला. प्रेमळ, थकलेला. त्याने माझा हात नळाखाली धरला आणि म्हणाला, "कुंड्या आहेत तिथेच. मी पाहिल्या. झालं समाधान?"

झालं नाही. मी भाऊजींना फोन केला. ते कामासाठी महिन्यातले अर्धे दिवस परगावी असतात. मोठाली यंत्रं बसवून देण्याचं काम, मागे नेहमी कशाचीतरी घरघर. मी म्हणाले, भाऊजी, ताईंना एकटं ठेवू नका. ते म्हणाले, "का, पडली बिडली का ती?" मी म्हणाले, नाही, त्या मंडळात असं असं बोलल्या. मी सगळं सांगितलं. पलीकडे घरघर चालू राहिली. मग ते म्हणाले, "माझ्या घरात काय चाललंय ते तू गोष्टीच्या पुस्तकावरून ठरवतेस?" मी म्हणाले, नाही, पण. "दोन वर्षं झाली त्या गोष्टीला. आम्ही विसरलोय. तुम्हीच उकरून काढता." आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता, आणि 'आम्ही' म्हणताना तो जरा चिरल्यासारखा झाला. त्या माणसाचीही मुलगी होती ती, हे मला फोन ठेवल्यावर सुचलं. ठेवण्याआधी ते म्हणाले होते, "तू पोराकडे बघ. बरं वाटेल तुला." आणि दुसऱ्या दिवशी जाऊबाईंचा फोन आला. दुपार होती, पिल्लू माझ्या मांडीवर, फोन खांद्यात धरलेला. "तू ह्यांना सांगितलंस?" मी पिल्लूला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "अगं, मी पुस्तकावर बोलले होते." मी म्हणाले, ताई, मला भीती वाटली. "पुस्तकावर बोलले होते मी," त्या पुन्हा म्हणाल्या, तक्रारवाल्याला नियम समजावून सांगावा तशा. "तेवढं एक ठिकाण होतं जिथे बोललेलं कुणी घरी आणत नव्हतं." मग हसल्यासारखं करून, "असू दे. तू तरी काय करणार. पिल्लू जेवला का?" मला तेव्हा म्हणायचं होतं, ताई, तुम्ही कशा आहात. आणि तोंडातून काय बाहेर पडलं, तर, "हो, जेवला." फोन बंद झाला.

पुढच्या शनिवारी त्यांची खुर्ची रिकामी होती. सर म्हणाले, त्यांनी निरोप पाठवलाय, यापुढे जमणार नाही, कामाचा व्याप. "फार मोठी हानी," सर म्हणाले. "परवाचं ते रडण्याबद्दलचं मत, मी चार जणांना सांगितलं. कसलेल्या समीक्षकाला सुचणार नाही." दंतवैद्य म्हणाले, "मी तर माझं मत बदललं. पुन्हा वाचली. शेवट पटतो." एकामागून एक सगळ्यांना शेवट पटू लागला. निळी कादंबरी हातातून हातात फिरत होती, तिच्यातलं ते पान कुणीतरी मोठ्याने वाचलं, आवाज छान लावून, आणि शेवटी सुस्कारे पडले, समाधानाचे. मी उभी राहिले. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती सांगायला मला एकच शब्द सापडला. मी म्हणाले, "आमच्याकडे." दंतवैद्यांनी टाळी वाजवली. "दंड. वीट आणा कुणीतरी, कपाटात परत आली आहे." सगळे हसले, इतक्या जड पुस्तकानंतर सगळ्यांनाच हसायचं होतं. मी म्हणाले, नाही, ऐका, आमच्याकडे जाऊबाई. "दोन वेळा म्हणाल्या, दोन प्रकरणं," बँकेतली बाई म्हणाली. ती हसत नव्हती, पण म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं आणि पटकन खाली बघितलं. वीट आली. सातशे पानं माझ्या दोन्ही हातांवर ठेवली गेली. पानांना ओळखीचा वास होता, जाऊबाईंच्या पिशवीचा, साबणाचा. मी बसले. मी घेतली. काय करायला हवं होतं, ते मला अजून सुचत नाही. ओरडायला हवं होतं का? ओरडणाऱ्या बाईचं मत कुठे नोंदवतात? जिन्यात सर मागून आले, काठी टेकत. "काही खरंच होतं का?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं. ते म्हणाले, "कसं आहे, आपण पुस्तकाबाहेर गेलो नाही म्हणून इतकी वर्षं टिकलो. नाहीतर माणसं काही बोलू लागली की थांबत नाहीत." त्यांचे डोळे पाणावलेले होते, मोतीबिंदूमुळे की कशामुळे, मला कळलं नाही. त्यांच्याही घरी कुणी नाही, असं ऐकलं आहे. ऐकलं आहे इतकंच.

मग मी गेले. पिल्लूला कुणाकडे ठेवू, म्हणून त्याला घेऊनच गेले. दार साखळीएवढं उघडलं. आत पडदे नवे लावल्यासारखे दिसत होते, ओल्या फरशीचा वास. जाऊबाईंचा चेहरा त्या फटीत, उभा, अरुंद. माझ्याकडे न बघता त्या पिल्लूकडे बघत होत्या. त्याने हात पुढे केला, साखळी धरायला. त्या म्हणाल्या, "रागावू नकोस. त्याला घेऊन येत जाऊ नकोस इथे. त्रास होतो मला." इतकं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, त्यात विनोद नव्हता, पुस्तक नव्हतं. मी म्हणाले, मी एकटी येईन ताई, उद्या एकटी येते. त्यांनी मान हलवली. "तू एकटी आलीस तरी तुझ्या अंगाला त्याचा वास येतो. दुधाचा." आणि दार लागलं, हळूच, झोपलेलं मूल उठू नये म्हणून लावतात तसं. घरी येऊन मी अंग घासून घासून धुतलं. पिल्लू दाराबाहेर रडत होता आणि मी साबण लावत होते. कोपर हुंगलं, केस हुंगले. जात नाही. पाजणं बंद केलं तरी कित्येक महिने जात नाही, म्हणतात. ज्या अंगाने मी त्यांना धरून ठेवायचं, तेच अंग त्यांना ढकलतं.

तेव्हापासून मी रोज फोन करते. त्या उचलतात, ठीक आहे, म्हणतात, कधी एखादा विनोद करतात आणि मी हसते, आणि हसणं संपायच्या आत फोन बंद होतो. कार्यालयातून त्यांनी लांब रजा घेतली आहे. नवरा म्हणतो, बरं झालं, विश्रांती मिळेल. भाऊजी पुन्हा परगावी आहेत. हे सगळं मी लिहून छापायला देते आहे, कारण जाऊबाई आता वाचत नाहीत, त्यांच्या हाती पडायची भीती नाही. तुमच्या हाती पडेल. तुम्ही वाचणारे आहात, तुमचं मत तयार होत आलं असेल. बाई घाबरट आहे, राईचा पर्वत करते, शेवट नीट जमवलेला नाही. असेल. ते राहू द्या. पाण्याच्या उंच टाकीमागे पिवळ्या इमारतींची ओळ आहे. शेवटून दुसरी, दुसरा मजला, डावीकडचं दार. बेल बिघडलेली आहे, दार हाताने वाजवा. दोनदा वाजवा, त्या पहिल्यांदा उघडत नाहीत. ज्यांच्या घरात तान्हं मूल नाही असं कुणीतरी जा. माझं नाव काढू नका. खालच्या मजल्यावरचे कुठे गेलेत, असं काहीही विचारा. त्या हसऱ्या चेहऱ्याने उत्तर देतील, तुम्हालाही हसवतील, आणि तुम्हाला वाटेल, काही नाही, सगळं ठीक आहे. तरी निघू नका. पाणी मागा. उन्हाचं थकलोय म्हणा आणि आत बसा. त्या गप्प बसल्या तर तुम्हीही बसा, बोलायला लागल्या तर थांबवू नका. पाणी पिऊन झाल्यावर कुंड्या कुठे आहेत, तेवढं बघा. नसल्या तर तिथून हलू नका, कुणाला तरी हाक मारा. आजच जा.